बर्फीच्या डब्यातले पत्ते

पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न.

आई, डबा शोधू नको. देवघराच्या खालच्या कप्प्यात, वातींच्या पिशवीमागे तू संत्रा बर्फीचा जुना डबा ठेवला होता, त्यातले दुखण्याच्या गोळ्यांचे सगळे पत्ते मी आणले. परवा बाबा चिकूला मारबत दाखवायला इतवारीत घेऊन गेले होते आणि तू आंघोळीला, तेव्हा. सासरी गेलेल्या पोरीनं माहेरच्या डब्यात न विचारता हात घालावा का, हा विचार मला गाडीत बडनेऱ्यापर्यंत झोपू देत नव्हता. मग वाटलं, तिकडे रस्त्यावर इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यामागे सगळे 'घेऊन जा गे मारबत' ओरडून राहिले होते, तेच काम मी घरात केलं. तसंच समज.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा 'हे घे, आईशी बोल' म्हणतात आणि तू 'हो बाई, नाही घेत' म्हणून चिकू जेवला का ते विचारते. एप्रिलमध्येही तू असंच 'नाही घेत' म्हणाली होतीस. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. चष्मा लाव.

एप्रिलमधलं तू विसरलीस, मी नाही. गच्चीवर कुरोड्या घालायच्या म्हणून रोज दोनदा जिना, जिन्यासाठी गोळी, आणि ऊन आपलं नागपूरचं. पाय सुजले, लघवी कमी झाली, चौथ्या दिवशी माठापाशीच भोवळ येऊन बसलीस. दोन रात्री सलाइन. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते, मागच्या वर्षी ०.९ होतं ते १.६ निघालं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी कोणती घेता?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, जसं मी लहानपणी चिंचा खाऊन तुझ्याकडे पाहायचे. तीन आठवडे गोळी बंद ठेवली तर ते १.१ वर आलं. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, हे कोणाला सांगितलं नाही.

आणि आता पोळ्याला आले तर डब्यात सहा पत्ते.

सहा पत्ते, वेगवेगळे रंग. घरी आल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली. तिघांत एकच औषध, ॲसिक्लोफिनॅक. एकात डायक्लोफिनॅक. दोन कॉम्बिफ्लामचे, म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. सकाळी हिरव्या पत्त्यातली घेतली आणि रात्री लाल पत्त्यातली, तर तुला वाटतं वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या. पोटात मात्र एकाच घराण्याच्या दोन जातात. वरून अंग मोडून आलं की डोलो, म्हणजे पॅरासिटामॉलही दुप्पट. पुढचं मोठं नाव बघायचं नाही, मागचं औषधाचं नाव बघायचं. तुला इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो म्हणून या घराण्यातली नावं मी मराठीत वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. तो कागद फ्रिजला लाव.

मी त्या दिवशी चिडून विचारलं, का घेतलीस? तू म्हणालीस, "तुम्ही येऊन राहिले होते ना, पुरण करायचं होतं. खाली बसता येत नव्हतं." त्यावर मी काही बोलले नाही, कारण तोवर माझ्या तिसऱ्या पोळीवर तू तूप वाढत होतीस आणि मी खात होते. आई, ती पोळी अजून घशात आहे.

आता बाबा, तुमच्याशी. रागावू नका. हा दवाखाना घरात चालवता तुम्ही, हे मला माहीत आहे. आई मागते, तुम्ही आणून देता. तुमचं म्हणणं, "गॅसची गोळी बरोबर देतो ना मी." गॅसच्या गोळीनं जठर बऱ्यापैकी वाचतं, किडनी वाचत नाही. दुखणं आणि सूज आणणारं जे रसायन शरीर तयार करतं, प्रोस्टाग्लँडिन, ते ही गोळी बनू देत नाही; म्हणून गुडघा थांबतो. पण त्याच घराण्यातली रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे जाणारी रक्ताची नळी उघडी ठेवतात. गोळीला गुडघ्यातलं वेगळं आणि किडनीतलं वेगळं असं काही कळत नाही. त्यात आईची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन, आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. ही दोन आणि दुखण्याची तिसरी, अशी तिन्ही एकत्र आली आणि अंगातलं पाणी उन्हानं कमी झालं, की किडनीवर तिन्हीकडून ताण येतो. डॉक्टरांनी कागदावर तीन बाण काढून दाखवले होते. तुम्ही तेव्हा बाहेर बिल भरत होते.

तुम्हाला हे मी काय सांगायचं. लुनाच्या मागे बसून तुमच्याबरोबर उमरेडकडे जनावरं तपासायच्या कॅम्पला यायचे मी. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथे गिधाडं ओळीनं बसलेली असायची आणि मी तुमचा शर्ट मुठीत धरायचे. "भिऊ नको बेबी, सफाई खात्याची माणसं आहेत ती," तुम्ही म्हणायचे. मग दर वर्षी ती कमी होत गेली आणि एका सुट्टीत एकही नव्हतं. २००४ मध्ये कारण समजलं. दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची किडनी बंद पडायची, आतले अवयव युरिक ॲसिडनं पांढरे व्हायचे. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, मेलोक्सिकॅम आलं. ते पत्रक घेऊन तुम्ही घरी आलात त्या संध्याकाळी जेवला नाहीत. "मी किती टोचली असतील," एवढंच म्हणाले.

माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नसते, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच लिहिते. तुमचा दोष काढायला ही आठवण काढली नाही. पण आजारी, म्हाताऱ्या, पाणी कमी पडलेल्या बैलाला धडधाकट बैलाएवढा डोस तुम्ही कधी दिला नाही. मग घरात का? शिवाय डायक्लोफिनॅक कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी मी बोलले (कोपऱ्यावरच्या, मोठ्या मेडिकलला म्हणजे सरकारी दवाखान्यात नाही गेले, घाबरू नका). पोरगा चांगला आहे, पावसात घरपोच आणून देतो. "काकांना नाही कसं म्हणू ताई?" म्हणाला. आता म्हणणार आहे. त्याच्याशी अबोला धरू नका.

आणि तुमच्या कंबरेसाठी तुम्ही गुपचूप कॉम्बिफ्लाम घेता, तेही मला कळलं आहे. चिकूनं सांगितलं. त्याला ओरडू नका. बाबा, तुमच्या छातीत स्टेंट आहे, रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन आहे. रक्ताच्या कणात जिथे ॲस्पिरिन बसते, तिथेच आयबुप्रोफेन आधी जाऊन बसतं, मग ॲस्पिरिनला जागा मिळत नाही. वेळ पुढेमागे करून घेता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि पोटात रक्तस्राव व्हायचा धोका दोन्ही मिळून वाढतो तो वेगळाच. या घराण्यातल्या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा आणि लकव्याचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ मध्ये छापायला लावला आणि २०१५ मध्ये आणखी कडक केला. मोठ्या आत्याच्या वेळचं मी पुन्हा लिहीत नाही. तुम्हाला आठवतं.

एक मात्र लाल पेनानं: ॲस्पिरिन बंद करायची नाही, आईची बीपीची गोळीही बंद करायची नाही. तुमच्या घरात एखादी गोष्ट सोडायची म्हटलं की सगळंच सोडतात, म्हणून लिहिलं.

मी गोळीच्या विरुद्ध नाही. मागच्या महिन्यात भाच्याचा खांदा क्रिकेटनं धरला, त्यानं दोन दिवस जेवणानंतर आयबुप्रोफेन घेतली, मीच आणून दिली. पंचविशीचा आहे, किडनी, पोट, रक्तदाब सगळं ठणठणीत. त्यालाही सांगितलं होतं, स्वतःच्या मनानं दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही आणि दुखणं लांबलं तर डॉक्टर. तुम्ही दोघं ७१ आणि ७५.

मग दुखलं तर काय करायचं? तू हेच विचारणार, आई. डॉक्टरांनी सांगितलंय: साधी पॅरासिटामॉल ५००, दुखेल तेव्हा, दिवसात सगळ्या मिळून सहाच्या वर नाही. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल. हो, तेच औषध, पण कातडीवरून रक्तात फार थोडं जातं. दिवसातून तीन-चार वेळा, खरचटलं असेल तिथे नाही, लावल्यावर हात धुवायचे आणि त्यावर गरम पिशवी ठेवायची नाही. शेक वेगळ्या वेळी. बाबा, पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांच्या बैलांचे खांदे तुम्ही हळद-तूप लावून कसे शेकता! तोच हात आईच्या गुडघ्याला लावा. आमंत्रणाची वाट पाहू नका.

कमोडची खुर्ची बुधवारी येईल, पैसे दिले आहेत. ओट्यापाशी बसायला उंच स्टूल येतंय, त्याला पाय टेकायला आडवी पट्टी आहे, मी स्वतः बसून पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या तिथून मोजता येतील. उन्हाळ्यात वर टाकी भरायला कोणी चढायचं नाही, खालून पाइप लावून देणारा माणूस ठरवला आहे. सांधेदुखीच्या पुड्या देणारा जो माणूस शेजारच्या काकूंकडे येतो, त्याच्याकडून काही घेऊ नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तर चार दिवसांत बरं वाटतं.

सध्या डेंग्यूचे दिवस आहेत. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, बाकी काही नाही, आणि मला फोन. शी डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पाय सुजले, दम लागला, तर रात्री दोनला असला तरी दवाखाना आधी, फोन नंतर. 'उगाच तिला कशाला त्रास' हे वाक्य बंद.

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला मी बाई ठरवली आहे. पैसे देऊन झाले आहेत, तेव्हा नको म्हणू नको. मला सुट्टी मिळाली असती तर मी आले असते; पोळ्याला चार दिवस घेतले म्हणून आता मिळत नाही, आणि तुला एकटीला सोडलं तर १ तारखेला पहाटे तू काय गिळून ओट्यापाशी उभी राहशील ते मला दिसतं. सोळा भाज्या ती चिरेल, पुरण ती शिजवेल, पोळ्या ती लाटेल. सोवळ्याचं बोलले आहे तिच्याशी, ती आपल्याकडे येऊन आंघोळ करून ओलेत्यानं लागेल कामाला. तिच्या सासरीही महालक्ष्म्या आहेत, तिला शिकवावं लागणार नाही. तू खुर्चीवर बसून मुखवट्यांना नथ घालायची, साडीच्या निऱ्या करायच्या. त्या निऱ्या तुझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत, हे मी तुला खूश करायला लिहीत नाही. आंबील मात्र तूच कर, ती उभ्यानं होते, दहा मिनिटांत होते, आणि दुसऱ्या कोणाच्या हातची मला चालणार नाही, मी इथे असले तरी.

आजीनं चालवून घेतलं नसतं, मला माहीत आहे. पण आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत पोळ्या कोण लाटत होतं आणि आजीला काय सांगितलं जात होतं, ते तुला माहीत आहे आणि मलाही. तेव्हा मी परातीपाशीच बसलेली असायचे.

गुरुवारी ४ तारखेला सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे, दोघांची. साडेनऊला रिक्षा गेटपाशी येईल, नेहमीचाच. जुने रिपोर्ट फ्रिजवरच्या निळ्या फाइलीत. सगळ्या चालू गोळ्या पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून, शेजारून, कुठूनही घेतलेल्या. लपवायच्या नाहीत. बाबा, डॉक्टरांसमोर जनावरांची उदाहरणं देऊ नका, दिली तर एकच द्या. आई, तू बोल, बाबांकडे बघू नको.

चिकू लाकडी नंदी उशाशी घेऊन झोपला आहे. त्याचं एक चाक निघालंय, आजोबांनाच दुरुस्त करायचं म्हणून मला हात लावू देत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. आंबीलीत यंदा मीठ कमी घाल, असं लिहून खोडलं आहे. वर डाग दिसेल तो त्याचा. आहे तशीच कर.