मोजणी हवी, पाळत नको

महोदय,

मुक्त सॉफ्टवेअरची प्रत कोणीही घ्यावी आणि पुढे वाटावी अशी मुभा असल्यामुळे आणि विक्रीची नोंदच नसल्यामुळे, ते नेमके किती जण वापरतात हे सांगणे अवघड असते. आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवर संगणकाला मिळणाऱ्या क्रमांकांवरून, केलेली मोजणीही फसवी ठरते, कारण एका कार्यालयातील सारे संगणक बाहेरून एकच दिसू शकतात, तर पत्ता बदलत राहणारा एखादा लॅपटॉप अनेकदा मोजला जातो.

फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात २०१९ मध्ये प्रत्येक संगणकाला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याचा प्रस्ताव आला होता; खासगीपणाविषयी रास्त आक्षेप आल्यावर तो मागे पडला. त्याऐवजी २०२० मधील फेडोरा ३२ या आवृत्तीपासून संगणक आठवड्यातून एकदा, अद्यतनांची चौकशी करताना, आपण मोजणीत असल्याचे कळवतो आणि प्रणाली बसवून आठवडा, महिना, सहा महिने की त्याहून अधिक काळ झाला, एवढेच एका अंकाने सांगतो. ओळख क्रमांक नाहीच. ही युक्ती मला खरोखर आवडली.

मात्र ही मोजणी मुळातच चालू असते आणि नको असल्यास वापरकर्त्यालाच ती बंद करावी लागते, हे खटकते. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीतील अशी मोजणी संमतीशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे आकडे अपुरे राहतात खरे, पण मला तीच पद्धत अधिक योग्य वाटते.

– एक वाचक, पुणे