परसबागेतला एक वाफा गवतांसाठी राखावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शालेय पोषण आहारात ताजी भाजी यावी म्हणून अनेक प्राथमिक शाळांनी परसबागा फुलवल्या आहेत. त्याच परसबागेतला एक वाफा स्थानिक गवतांसाठी राखावा आणि तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात वर्षभर त्याचे निरीक्षण करून घ्यावे, अशी विनंती शिक्षण विभागाला आणि शिक्षक बंधु-भगिनींना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांचा अवर्षणप्रवण पट्टा हा मुळात माळरानांचा प्रदेश आहे. नान्नजचा माळढोक, रेहेकुरीचे काळवीट आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा हे सारे याच गवताळ माळांच्या आधाराने जगत आले. तरीही असे कितीतरी माळ सरकारी दप्तरी ‘पडीक’ ठरले आणि हिरवाई वाढवण्याच्या चांगल्या हेतूनेच त्यांवर गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी परकी झाडे लावली गेली. श्रमदानाच्या तासाला ‘लावलेले रोप तेवढे ठेवा, बाकीचे तण उपटा’ असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा हाच समज त्यांच्याही मनात पक्का होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वास्तविक लहान मुलांना गवताइतका सोयीचा अभ्यासविषय दुसरा नाही. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच ते उगवते, गणपतीच्या सुमारास वाढीला लागते आणि दिवाळीच्या आगेमागे त्याचे बी पिकते. कुसळीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या वाळलेल्या कुसळाला पीळ पडलेला असतो. ते तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि कुसळ मुलांच्या डोळ्यांदेखत गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ धरते. दवाने भिजत आणि उन्हाने सुकत असे फिरत-फिरतच हे अणकुचीदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेते, आणि त्याच्या टोकावरचे उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. हे एकदा पाहिलेले मूल बीजप्रसाराचा पाठ विसरणार नाही. मारवेलच्या पेरांवरील पांढऱ्या केसांचे कडे साध्या भिंगातून छान दिसते. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की गवताच्या गोल काडीसारखी न लागता तिच्या तीन कडा लागतात आणि लव्हाळा हे खरे गवत नव्हे, हे हातालाच कळते. ज्वारी, बाजरी, ऊस आणि बांबू ही सारी गवताच्याच कुळातली आहेत, हे तर कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नसते.

उंच गवतात साप-विंचू येतील, ही पालकांची भीती रास्त आहे. म्हणून वाफा लहान असावा, वर्गखोल्यांपासून दूर असावा आणि भोवतालची जागा स्वच्छ ठेवावी. कुसळीचे बी पाहून झाले की ती लगेच कापून घ्यावी.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. गावच्या गायरानातून बी आणता येते, आणि कोणते गवत दुभत्या जनावराला चालते, कोणत्याची कुसळे मेंढीच्या लोकरीत अडकतात, हे सांगणारी माणसे गावात अजून आहेत. धनगरवाड्यावरच्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलवावे. त्यांच्या घरातले मूल त्या तासाला इतरांना गवतांची नावे शिकवील, आणि माझ्या दृष्टीने या उपक्रमाचा हा सर्वांत मोठा लाभ असेल.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. हे निमित्त साधून जिल्हा परिषदांनी परसबागेच्या सूचनांत या वाफ्याचा स्पष्ट उल्लेख करावा, तसेच शाळा-तपासणीच्या आधी मैदान साफ करताना तो वाफा खुरपला जाऊ नये, असेही त्यात लेखी नमूद करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
बारामती तालुका