शिबिराला प्रायोजक मिळेल, रात्रपाळीची परिचारिका कोण देणार?

संपादक महोदय,

एप्रिल उजाडला की आपल्या दैनिकात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांच्या प्रवेश अर्जात 'काही आजार असल्यास नमूद करावा' अशी एक ओळ असते. माझ्या मुलीच्या अर्जात त्या ओळीवर मी 'बायपोलर डिसऑर्डर' असे लिहिले आणि लगेचच जागा भरल्याचा निरोप आला. आयोजकांवर माझा राग नाही. अशा मुलांची जबाबदारी एकट्या संस्थेला झेपणारी नाही, हे मला मान्य आहे. ती वाटून घेण्याची व्यवस्था आपल्याकडे का उभी राहत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

या आजारात मन कधी उन्मादाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकते. लहान वयात त्याचे निदान डॉक्टर जपूनच करतात, पण किशोरवयात तो सुरू झालेली मुले आपल्या आसपास आहेत. शेकोटीभोवती मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गप्पा आणि पहाटे अंधारात गड चढायला निघणे ही एरवी शिबिराची खरी मजा. या मुलांच्या बाबतीत मात्र एखाददुसरे जागरणही उन्मादाला निमित्त ठरू शकते. त्यातून मूल या आजारावरचे लिथियम हे औषध घेत असेल, तर मे महिन्याच्या उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ कमी होऊन रक्तातील औषधाची पातळी वाढते, हात थरथरू लागतात, उलट्या होतात, तोल जातो. आणि पाय दुखतात म्हणून कोणी सहज आयब्युप्रोफेनची गोळी दिली, तर ती पातळी आणखी चढते. स्वयंसेवक कितीही प्रेमळ असला, तरी हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

म्हणून अशा शिबिरासाठी भागीदारी हवी ती कामांची. मानसोपचार विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने एक निवासी डॉक्टर आणि रात्रपाळीला परिचारिका द्यावी. शिबिरस्थळाजवळच्या रुग्णालयाने गरज पडल्यास मुलाला दाखल करून घेण्याची आणि लिथियमची रक्तचाचणी तातडीने करून देण्याची हमी द्यावी. साहसी खेळांच्या संस्थेने झोपेची वेळ आधी ठरवून त्याभोवती वेळापत्रक आखावे. हे सारे तोंडी न राहता करारात यावे, कारण ऐन वेळी फोन न उचलणारा भागीदार नसल्यातच जमा.

पैशाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते आणि आरोग्य त्या यादीत आहे. अडचण वेगळीच आहे. प्रायोजकाला धनादेशासोबत मुलांची छायाचित्रे हवी असतात. उपचार घेत असलेल्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम २४ मनाई करते. ते कलम मानसिक आरोग्य आस्थापनांपुरते आहे, असा युक्तिवाद कोणी करील. शिबिराने तरीही तोच दंडक पाळावा. टी-शर्टवर कंपनीचे बोधचिन्ह खुशाल छापा, मुलांचे चेहरे नकोत. वृत्तपत्रांनीही ते मागू नयेत, अशी आपणांस विनंती.

हे स्वप्नरंजन नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला आणि १९२५ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात मधुमेही मुलांचे शिबिर भरलेसुद्धा. रोज इंजेक्शन घेणारी मुले डॉक्टरांच्या देखरेखीखाली तंबूत राहू शकतात, हे तेव्हाच दिसून आले. मनाच्या आजारासाठी मात्र आपण अजून एका ओळीच्या रकान्यावर अडलो आहोत.

वैद्यकीय महाविद्यालये आणि शिबिर संस्था यांची बोलणी एप्रिलमध्ये सुरू झाली, तर त्या उन्हाळ्यात काहीच घडत नाही. ती दिवाळीआधी व्हायला हवीत. आणि प्रत्येक मुलाच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र, औषधांच्या वेळा व धोक्याची लक्षणे यांचा कागद जानेवारीपर्यंत आयोजकांच्या हाती असावा. तो भरून देण्याचे काम आम्हा पालकांचे, ते आम्ही करू.

— एक पालक, नाशिक