आधी आरसा धर

नागपूर,
२७ मे

प्रिय विनू,

परवा तुझा फोन आला तेव्हा दादाला कुशीवर वळवत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. नवतपा सुरू झालाय. कूलरला नवा वाळा लावला आणि त्याची खाट त्यासमोर ओढली. आता तो झोपलाय, म्हणून लिहायला बसलो. दादासारखीच शुद्ध हरपलेल्या मामांसाठी तू विचारलंस, "डोक्याला करंट देतात ते खरं आहे का बे?"

खरं आहे, पण तो शॉक नव्हे. आईलाही शॉकच वाटला होता. पहिल्या दिवशी ती ओसरीत जाऊन बसली. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज असतात. एक डावीकडे, कपाळाच्या वर केसांत. दुसरा उजव्या भुवईवर. २ मिलिअँपिअर, २० मिनिटं, बस. भूल नाही, कापाकापी नाही. मेंदूच्या पेशी त्याने पेटत नाहीत, पेटायला थोड्या सोप्या होतात एवढंच.

म्हणूनच विझलेल्या ठिकाणी त्याचा फारसा उपयोग होत नाही. बेल्जियममधल्या लिएजच्या डॉक्टरांनी २०१४ साली ५५ रुग्णांवर खरा आणि खोटा करंट देऊन पाहिला. थोडीफार शुद्ध असलेल्या ३० पैकी १३ जणांत फरक दिसला, शुद्धीची खूणच नसलेल्या २५ पैकी फक्त दोघांत. तोही एका वेळच्या करंटने थोडा वेळच टिकणारा.

मग माणूस कोणत्या गटात आहे, हे कोण सांगणार? दादाच्या डिस्चार्ज कार्डावर "व्हेजिटेटिव्ह", म्हणजे डोळे उघडे पण शुद्ध नाही, असं लिहून दिलं होतं, तेही फक्त दोनदा "हात दाब" म्हणून पाहून. तो कागद मला अजून टोचतो. २००९ च्या एका अभ्यासात असा शिक्का बसलेले ४४ जण नीट तपासले, तर १८ जणांत शुद्धीच्या खुणा निघाल्या!

नवीन डॉक्टरीणबाईंनी आईचा वेणीफणीचा आरसा मागितला. दादाच्या तोंडासमोर धरून हळूहळू उजवीकडे नेला. त्याचे डोळे मागोमाग गेले, विनू. डावीकडे नेला, तर डावीकडे. पेनामागे कधी न फिरलेले डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरले. आई आरशाकडे नाही, त्याच्याकडेच पाहत राहिली.

पाच वेगवेगळ्या दिवशी तपासून मगच करंट सुरू केला. शुद्ध मोजायच्या त्या तपासणीत तेव्हा २३ पैकी ९ गुण होते, आता ११. परवा हातात कंगवा दिला तर त्याने तो डोक्याकडे नेला. अमँटाडिन नावाचं औषधही चालू आहे, त्यामुळे श्रेय कशाचं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण "महिन्याभरात उठवून बसवतो" म्हणून पॅकेज विकणारा कुणी भेटला, तर मामींना पैसे भरू देऊ नको.

रविवारी भंडाऱ्याला जाशील तेव्हा मामा टक्क जागे असताना आरसा धर. आवाज करू नको, घाई करू नको. नाही फिरले डोळे तर संध्याकाळी परत बघ. मामींना मोबाइलवर शूटिंग घ्यायला सांग आणि मला पाठव, सोमवारी बाई येतात तेव्हा त्यांना दाखवतो.

तुझा,
सुध्या