कॅन्सर मदत कक्षासाठी आवाहन (कृपया नुसता अंगठा दाखवू नका)

मंडळाचे सर्व सभासद, देणगीदार आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर गणपतीच्या आधीच टाकायचं होतं, पण घरचं दुखणं, त्यात पाऊस, त्यात कोषाध्यक्ष ताई तपासणीला मुंबईला गेलेल्या, राहूनच गेलं. आता गळ्याशी आलंय म्हणून रात्री बसून टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

विषय आपला वाचनालयाच्या मागच्या खोलीतला मदत कक्ष. अंबाजोगाईत ज्याला तो माहीत नाही असं कोणी उरलं असेल असं वाटत नाही, तरी सांगते. स्तनाचा कॅन्सर निघालेल्या बाईला आणि तिच्या घरच्यांना आता कुठं जायचं, कोणते कागद लागतात, पैसा कुठून उभा करायचा, हे बसवून, चहा देऊन, आपल्या भाषेत सांगायचं, एवढंच काम. एक टेबल, चार खुर्च्या, एक रजिस्टर, एक मोबाईल. उपचार आपल्याला जवळपास आहेत हो. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, नाहीतर परळचं टाटा आहेच. पण बाई तिथं पोचेपर्यंत जे महिने जातात ना, ते गाठीपेक्षा जास्त घात करतात, आणि ते जातात निव्वळ सांगणारं कोणी नसतं म्हणून.

कक्ष सुरू झाला तोच मुळी कोषाध्यक्ष ताईंच्या दुखण्यातून. त्यांना केमो चालू असताना आम्ही दोघी चार वेळा लातूरहून मुंबईच्या गाडीचं पूर्ण तिकीट काढून गेलो. पाचव्या खेपेला शेजारच्या खाटेवरची परभणीची एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही पैसे काहून भरता? दवाखान्यातून फॉर्म भरून घ्या ना." तेव्हा कळलं की उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला तिकिटाचं भाडंच लागत नाही आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत असते. दोघी शिकलेल्या, मी तर एवढी वर्षं मंडळाची सचिव, तरी आम्हाला माहीत नव्हतं. मग वाडीवरच्या बाईला कोण सांगणार? परत येताना गाडीतच ताईंनी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं, आजही कक्षाच्या रजिस्टरचं पहिलं पान म्हणून तेच चिकटवलेलं आहे.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. वाचनालयाच्या अध्यक्षांनी खोली दिली, भाडं विचारलं तर रागावले. मोंढ्यातल्या आपल्या आडतवाल्या काकांनी टेबलखुर्च्या आणि पहिल्या वर्षाचा मोबाईलचा रिचार्ज. रिटायर तलाठी भाऊंनी तर कमाल केली, रोज दोन तास येऊन बसायचे आणि लोकांचे कागद लावून द्यायचे. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, दवाखान्याच्या केसपेपरवर तिसरंच, अशा भानगडी सोडवाव्यात त्यांनीच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचा खर्च बसतो, पण नावात एक काना कमीजास्त झाला की दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचे कागद बघणाऱ्याच्या) टेबलावरून माणूस माघारी येतो. कन्या शाळेच्या मॅडमनी सगळी माहिती सोप्या मराठीत उतरवून आपली बत्तीस पानी पुस्तिका केली, मेडिकल कॉलेजच्या एका लेडी डॉक्टरांनी ती ओळ न् ओळ तपासली. जीपवाले मामा बार्शीला फक्त डिझेलवर नेतात, वर येताना येरमाळ्याला पेशंटला उसाचा रस पाजतात ते वेगळंच (रसाला बर्फ घालू देत नाहीत, तेवढं शिकलेत ते आमच्याकडून). आणि भिशीच्या बायका. एका महिन्याची अख्खी भिशी त्यांनी कक्षाला दिली, जिचा नंबर लागला होता तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझे पैसे तिकडं लावा. तिला नाव छापलेलं आवडणार नाही म्हणून लिहीत नाही.

टेलर मामांचं वेगळं सांगायला पाहिजे. ऑपरेशननंतर काही दिवस काखेतून नळी असते, तिला जखमेतलं पाणी जमा व्हायला बाटली असते, ती बाई हातात धरून फिरते, संडासला जाताना कुठं ठेवावी कळत नाही. मामा ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या छोट्या झोळ्या शिवतात, गळ्यात अडकवायला नाडी लावून. एकीनं जरीचं कापड बघून विचारलं, "ही लग्नातली आहे का?" आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. विणकामवाल्या काकू सुती धाग्याचे मऊ स्तन विणून देतात, आत उशीचा कापूस, ब्लाउजमध्ये घालायला. बाजारातला सिलिकॉनचा महाग पडतो, आणि आपल्या उन्हाळ्यात घामानं जीव नको होतो त्यात.

आता मनातलं बोलते. मागच्या ऑक्टोबरला स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी फेटे बांधून रॅली निघाली, फोटो सगळ्यांनी टाकले, भाषणंही झाली. पुढच्या सोमवारी कक्षात बसायला मी आणि तलाठी भाऊ, दोघंच. मागचं आवाहन ग्रुपवर टाकलं तर हात जोडलेले इमोजी एवढे आले की वाटलं आता पुढच्या वर्षीची चिंता मिटली, पैसे आले नऊ जणांचे. राग नाही, पण लागतं हो. डीजेची वर्गणी याच गल्ल्यांत एका संध्याकाळी गोळा होते.

यंदा निकड का ते ऐका. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, धारूरकडची एक ऊसतोड करणारी बाई आली, चाळिशीची असेल. दिवाळीत कोपीत (फडावरच्या झोपडीत) अंघोळ करताना गाठ लागली होती, हरभऱ्याएवढी. मुकादमाची उचल घेतलेली, फड सोडून कसं यायचं? आणि तिचं म्हणणं, "दुखत नव्हती बाई, दुखली की जावं म्हणलं." आमच्यासमोर बसली तेव्हा ती लिंबाएवढी होती आणि कातडी आत ओढलेली. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे एक वाक्य तिला दिवाळीत कोणी सांगितलं असतं तर! वर गावात कोणीतरी सांगून ठेवलेलं की सुई लावली की गाठ पसरते, त्यात अजून तीन आठवडे गेले. असं काही होत नाही, तपासणीचा तुकडा घेतल्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणतं औषध हे कळतच नाही. तिची बायोप्सी (तुकड्याची तपासणी) आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या हार्मोनच्या, हर-टूच्या तपासण्या योजना बसायच्या आधीच्या, म्हणजे खिशातून. त्या कक्षानं भरल्या. खात्यात आता जे उरलंय त्यात अजून दोन बायकांचं होईल, तिसरीला काय सांगू?

दुसरं म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत वाड्या-तांड्यांवर बायकांची तपासणी करायला जायचंय. मशीन वगैरे लागत नाही त्याला. टाटानं मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, निम्म्याजणींना शिकवलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. त्यांच्यात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या लेडी डॉक्टर आपल्या वीस पोरींना हाताच्या तपासणीचं ट्रेनिंग द्यायला तयार आहेत, फुकट. पोरीच मिळेनात, आतापर्यंत सात नावं.

तर काय पाहिजे ते पटापट. पैसे, कितीही, पन्नास रुपयेसुद्धा, पावती मिळेल, खातं नंबर ग्रुपच्या माहितीत आहे, दुसऱ्या कुठल्या नंबरवर टाकू नका. पुस्तिकेच्या हजार प्रतींचा छपाई खर्च, कोणी एकट्यानं उचलला तर मागच्या पानावर नाव टाकू. थर्मामीटर २५ (केमोत ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा असतो, आणि घरात थर्मामीटरच नसतो). सुती धागा, ब्लाउजचं कापड. सोमवार आणि गुरुवारी ११ ते १ कक्षात बसायला माणूस, तलाठी भाऊंचे गुडघे आता साथ देत नाहीत. जीप, महिन्यातून दोनदा. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी लाजू नका, थेट या, नाहीतर योजनेच्या १५५३८८ वर किंवा इंडियन कॅन्सर सोसायटीच्या १८००२२१९५१ या टोल फ्री नंबरवर विचारा. एसटीत कॅन्सरच्या पेशंटला ७५ टक्के सवलत आहे, बायकांच्या अर्ध्या तिकिटावर समाधान मानू नका, दाखला काढून घ्या. ट्रेनिंगची नावं घटस्थापनेपर्यंत माझ्याकडं.

आपली,
सचिव

ता.क. बार्शीच्या पेशंटांना दिलेले स्टीलचे डबे ज्यांच्याकडं राहिलेत त्यांनी आणून द्या, आणि झाकणासकट.