जळालेली बोट भंगारात काढण्याची घाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोटीला आग लागली की बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘आगीचे नेमके कारण समजले नसले, तरी शॉर्टसर्किट असावे असा प्राथमिक अंदाज आहे.’ पुढे त्या बोटीचे काय झाले, माणसांच्या पदरात काय पडले, याचा पत्ता लागत नाही. विम्याच्या कामासाठी जळालेल्या बोटी तपासण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. त्या अनुभवावरून लिहितो. भरपाईचे कितीतरी दावे कोर्टाची पायरी चढण्याआधीच बुडतात, कारण तोवर बोटीचा सांगाडा कुणीतरी उचलून भंगारात घातलेला असतो.

अर्थात आधी माणसे. आग दिसली की सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, इंजिन बंद, इंधनाचा कॉक बंद आणि व्हीएचएफच्या (बोटीवरच्या वायरलेसच्या) १६ नंबर चॅनेलवर ‘मेडे’ ही संकटाची हाक, सोबत आपली जागा आणि माणसांची संख्या. धूर केबिनमध्ये भरला की वायरलेसपर्यंत पोचता येत नाही, म्हणून हाक आधी आणि आगीशी झुंज नंतर. चालती बोट आगीला वारा घालते, म्हणून थांबवायची. पण थांबण्याआधी ती अशी वळवायची की ज्वाळा बोटीबाहेर जातील. आग मागे असेल तर नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे, आग पुढे असेल तर मागची बाजू वाऱ्याकडे. इंजिनखोलीतून धूर येत असेल तर झाकण उघडून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तोच घात करतो. आत ताजी हवा शिरते आणि भडका तोंडावर येतो. पुष्कळ बोटींत झाकणाला अग्निशामकाची नळी जाईल एवढे भोक असते ते याचसाठी. बोट सोडायची ठरली तर वारा जिकडून येतो त्या बाजूला उतरावे, आणि पर्स-मोबाइलसाठी परत फिरू नये.

किनाऱ्याला आल्यावर ‘मला काही झालेले नाही’ म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यावे. धुराचा फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. शिवाय रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साध्या हवेतही चार-पाच तासांत निम्म्यावर येते, ऑक्सिजन लावला तर त्याहून लवकर. उद्या तपासू म्हटले तर तपासायला काही उरत नाही, आणि धुराने इजा झाली हे नंतर कागदावर दाखवता येत नाही.

आता सांगाड्याविषयी. फायबरची बोट बहुधा पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. छत, केबिन, रेलिंग सगळे जाते, पण खालचा भाग बाहेरच्या पाण्याने गार राहिल्यामुळे पुष्कळदा वाचतो, आणि इंजिन, इंधनाच्या नळ्या, बॅटऱ्या हे सगळे तिथेच असते. त्या काळ्या चिखलात गुडघे टेकून हाताने चाचपत काम करावे लागते. तांब्याची तार सापडली की तिचे टोक पुसून भिंगाखाली धरायचे. टोकाला गोल, गुळगुळीत मणी असेल आणि मण्याच्या मागे तार जशीच्या तशी असेल, तर तिथे विजेची ठिणगी उडाली होती. तार लांबवर पातळ होत गेली असेल, तर ती नुसत्या उष्णतेने वितळली. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १०८५ला. त्यामुळे वितळलेले ॲल्युमिनियम फारसे काही सांगत नाही, वितळलेले तांबे मात्र थांबून बघायला लावते. तरी घाई नको, कारण वितळलेले ॲल्युमिनियम तांब्यावर ठिबकले तर तांबेही कमी तापमानाला खाल्ले जाते.

आणि मणी सापडला म्हणजे आग शॉर्टसर्किटने लागली, असेही म्हणता येत नाही. दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीने वीज खेळत असलेल्या तारेचे आवरण जाळले, तरी असाच मणी तयार होतो. शॉर्टसर्किट हे आगीचे कारण की परिणाम, हे त्या तारेची जागा, तिचा फ्यूज आणि आजूबाजूच्या खुणा एकत्र पाहिल्याशिवाय ठरत नाही. बातमीतला ‘प्राथमिक अंदाज’ हा असा असतो.

एका बोटीच्या बाबतीत मी पोचलो तेव्हा यार्डवाल्यांनी जागा मोकळी हवी म्हणून कटरने तिचे तुकडे केले होते. इंजिनाचा ठोकळा एका कोपऱ्यात, बाकी फायबर, तारा आणि राख यांचा एकच ढीग. मालकाला ठाम वाटत होते की, नुकत्याच बसवलेल्या चार्जरने घात केला. कदाचित तसेच असेल. पण चार्जर कुठल्या तारेला जोडलेला होता हे सांगणारे काहीच उरले नव्हते, आणि बसवणाऱ्याचा वकील एवढेच विचारत राहिला.

म्हणून विनंती आहे की, बोट तशीच ठेवा. तेल सांडते किंवा वाट अडते म्हणून हलवायचीच असेल, तर संबंधित अधिकाऱ्यांना विचारून, आधी भरपूर फोटो काढून, कुलूपबंद जागी हलवा. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. ज्यांच्यावर ठपका ठेवायचा आहे त्यांनाही, म्हणजे दुरुस्ती करणारा, उपकरण बनवणारा, धक्क्यावर वीज पुरवणारा, यांना पत्र पाठवून तपासणीला बोलवा. हे अनेकांना विचित्र वाटते. पण एकतर्फी उघडलेले यंत्र नंतर विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या हातातले कोलीत होते, आणि पुरावा नष्ट करणाऱ्याच्या विरोधात कोर्ट अनुमान काढू शकते.

दावा कुणावर लावायचा, हे पुन्हा कारणावरच ठरते. सदोष माल, निष्काळजी दुरुस्ती, शेजारच्या बोटीवरून आलेली आग, प्रवासी बोट असेल तर चालकाचा हलगर्जीपणा : प्रत्येकाची वाट वेगळी आणि मुदतही वेगळी. एक उदाहरण देतो. ‘साराटोगा’ या मासेमारी बोटीच्या इंजिनखोलीत आग लागून ती बुडाली. दोष हायड्रॉलिक यंत्रणेत होता, असा दावा होता. सदोष वस्तूने स्वतःचेच नुकसान केले तर अमेरिकी सागरी कायद्यात उत्पादकावर नुकसानभरपाईचा दावा लागत नाही, फक्त करार आणि वॉरंटी उरते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले होते. पण या बोटीच्या पहिल्या मालकाने नंतर जाळे आणि छोटी होडी वगैरे सामान वाढवले होते. १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, ही वाढीव सामग्री ‘इतर मालमत्ता’ आहे, तिची भरपाई मागता येते. तेव्हा बोटीवर नंतर काय काय बसवले त्याच्या पावत्या बोटीवरच ठेवू नका, घरी ठेवा.

प्रवाशांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो जबाबदारीच्या मर्यादेचा. जहाजमालकाची देणी ठरावीक रकमेपुरती मर्यादित करण्याची सोय सागरी कायद्यात जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९च्या पहाटे ‘कन्सेप्शन’ या बोटीला आग लागून ३४ जण गेले. झोपायच्या जागेतून निघायच्या दोन वाटा होत्या, पण दोन्ही वर एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री गस्त घालणारे कुणी नव्हते. बोट जळून बुडाल्यामुळे आग कशाने लागली हे अधिकृत चौकशीतही निश्चित झाले नाही. तीनच दिवसांत मालकांनी १८५१च्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टात अर्ज केला की, आमची जबाबदारी बोटीच्या उरलेल्या किमतीएवढी, म्हणजे शून्य. कुटुंबीय अजून अंत्यविधीत होते. त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा २०२२च्या अखेरीस छोट्या प्रवासी बोटींपुरता तो कायदा बदलला. मात्र जुन्या घटनांना तो बदल लागू नाही. कप्तानाला २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

इतर अनेक देशांत १९७६चा आंतरराष्ट्रीय करार चालतो. त्यात मर्यादा साधारणपणे जहाजाच्या टनेजवर, म्हणजे आकारमानावर, ठरते, प्रवाशांच्या दाव्यांत मात्र जहाजाला किती प्रवासी नेण्याची परवानगी आहे त्यावर, आणि ती मोडायची तर मालकाने स्वतः हेतुपुरस्सर, किंवा असे नुकसान बहुधा होईल हे ठाऊक असताना बेपर्वाईने वागल्याचे सिद्ध करावे लागते. फार अवघड काम. याउलट आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या अथेन्स कराराच्या २००२च्या सुधारणेत जहाजावरची आग ‘नौवहन दुर्घटना’ धरली आहे. तिथे मृत्यू किंवा इजा झाल्यास अडीच लाख विशेष आहरण हक्कांपर्यंत (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) प्रवाशाला वाहतूकदाराची चूक दाखवावी लागत नाही. दाव्याची मुदत मात्र साधारण दोनच वर्षे. आपल्या तिकिटामागे कुठला कायदा लिहिला आहे, हे वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवावे.

राहिला सहीचा प्रश्न. आगीनंतर एखादा सभ्य गृहस्थ थोडी रोख आणि एक कागद घेऊन येतो. ‘तातडीची मदत’ म्हणून दिलेल्या त्या कागदात बऱ्याचदा ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे वाक्य असते. बोटमालकाचे आणखी एक अडते. पैसे दिल्यावर विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडून वसुली करते. मालकाने परस्पर तडजोड करून तो हक्क सोडून दिला, तर कंपनी त्याचाच दावा अडवू शकते.

संपादक महाशय, बातमीदारांना माझी एवढीच सूचना आहे : आगीच्या बातमीत ‘सांगाडा सध्या कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे’ ही एक ओळ द्यावी, आणि चौकशीचा अहवाल आला की तोही त्याच पानावर छापावा.

आपला,
एक निवृत्त सागरी सर्वेक्षक