टाचेवरचा थेंब नीट वाळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवजात बालकांच्या जन्मजात आजारांच्या तपासणीचा विषय निघाला, की बोलणे लगेच यंत्रांवर जाते. मास स्पेक्ट्रोमीटर किती कोटींचा, तो कोणत्या रुग्णालयात बसवायचा, एका थेंबात किती आजार कळतात, वगैरे. यंत्र हवेच. पण मुंबईत या तपासणीचा बराचसा निकाल प्रसूतिगृहातल्या टेबलावरच लागतो, बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावर घेतल्यानंतरच्या तीन-चार तासांत. त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्त पोस्टाने पाठवून शेकडो मैलांवर तपासता येते, हे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्यूरिया या एका अमिनो आम्लाचा निचरा न होण्याच्या आजाराच्या चाचणीतून दाखवून दिले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एन. अप्पाजी राव यांनी एन्झाइमांच्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, विशेषतः सेरीन हायड्रॉक्सिमिथिल ट्रान्सफरेजच्या अभ्यासात उभी कारकीर्द घालवली. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या १ लाखाहून अधिक नवजातांच्या रक्तातली अमिनो आम्लेही तपासली. एन्झाइमचा मूलभूत अभ्यास आणि पाळण्यातल्या बाळाचे आरोग्य यांचे नाते इतके थेट आहे. या तपासणीतले बहुतेक आजार म्हणजे कुठल्या ना कुठल्या एन्झाइमचे काम बंद पडणे.

अमिनो आम्ले, थायरॉइडशी संबंधित टीएसएच (थायरॉइड ग्रंथी कमी पडली की हा वाढतो) किंवा अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारात वाढणारे १७-ओएचपी हे संप्रेरक मोजताना आपण पदार्थ किती आहे ते मोजतो. वाळलेल्या ठिपक्यात हे पदार्थ बऱ्यापैकी टिकतात. गॅलॅक्टोसेमिया (दुधाच्या साखरेतला गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणे), बायोटिनिडेजची (बायोटिन हे जीवनसत्त्व पुन्हा वापरात आणणाऱ्या एन्झाइमची) कमतरता आणि जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता या तीन चाचण्यांत मात्र एन्झाइम काम करते की नाही हे बघायचे असते. एन्झाइम हे घडी घातलेले प्रथिन आहे. कोरड्या ठिपक्यात ती घडी शाबूत राहते. ठिपका दमट आणि उबदार राहिला की ती उलगडते आणि काम थांबते. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसते. गॅलॅक्टोसेमियाच्या ब्यूटलर चाचणीत निरोगी बाळाचा ठिपका अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो, आजारी बाळाचा काळा राहतो. बायोटिनिडेजच्या चाचणीत निरोगी नमुन्याला जांभळट गुलाबी रंग चढतो, आजारी नमुना तसाच राहतो. ओलीत खराब झालेले कार्डही काळेच राहते, त्यालाही रंग चढत नाही. म्हणजे कार्ड बिघडले तर निरोगी बाळ आजारी ठरते.

त्याची किंमत आई आणि बाळ मोजतात. गॅलॅक्टोसेमियाची शंका आली की खात्री होईपर्यंत अंगावरचे दूध थांबवून बाळांसाठीचे सोयाचे फॉर्म्युला दूध द्यायला सांगावे लागते. खऱ्या रुग्णात हा निर्णय जीव वाचवतो, कारण दूध चालू राहिले तर कावीळ, यकृताचा बिघाड आणि रक्तातला जंतुसंसर्ग काही दिवसांत गाठतो. पण कार्ड जुलैतल्या ओलसर खोलीत पडून राहिले एवढ्याच कारणाने बाळंतिणीचे दूध तोडायला लावणे आम्हाला अक्षम्य वाटते. यावर एक साधी पडताळणी आहे. एकाच कार्डावर दोन-तीन वेगवेगळी एन्झाइमे एकदम कमी दिसली, तर दोष बाळाचा नसून कार्डाचा असण्याची शक्यता मोठी. मग नवा नमुना त्याच दिवशी मागवावा. मात्र एकच एन्झाइम कमी आणि बाकीची ठणठणीत असतील, तर कार्डाला दोष देऊन वेळ काढू नये.

आता नमुना घेण्याबद्दल. वेळ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची. जन्मल्याबरोबर बाळाचा टीएसएच एकदम उसळतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत खाली येतो. घरी सोडायची घाई म्हणून बाराव्या तासाला टाच टोचली, तर विनाकारण फेरतपासणीची रांग लागते. सुट्टी लवकर द्यायची असेल तर नमुना निदान २४ तासांनंतर घ्यावा आणि बाळाचे वय तासांत लिहावे. नुसती तारीख पुरत नाही.

टाच कोमट ओल्या कापडाने तीन ते पाच मिनिटे शेकावी. स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यावी, कारण ओले स्पिरिट रक्त पातळ करते. पोव्हिडोन आयोडीन टाचेला नको आणि नाळेलाही नको. ते त्वचेतून शोषले जाते आणि बाळाची थायरॉइड ग्रंथी काही काळ दबून टीएसएच खोटा चढतो. टाचेच्या कडेला, मधोमध नव्हे, २ मिलिमीटरपेक्षा खोल न जाणारी लॅन्सेट (टोचायचे छोटे पाते) वापरावी. पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकावा. दुसरा मोठा थेंब आपोआप तयार होऊ द्यावा आणि कार्डाच्या एकाच बाजूने, एकदाच टेकवावा. वर्तुळ मागच्या बाजूनेही भरलेले दिसले पाहिजे. थेंबावर थेंब चढवला की रक्ताचे थर बसतात. टाच पिळून काढली की पेशींभोवतीचे पाणी मिसळते आणि ठिपक्याभोवती पिवळसर कडे दिसते. यंत्र या ठिपक्यातून ३.२ मिलिमीटरची चकती कापते. त्या चकतीत रक्त असते जेमतेम ३ मायक्रोलिटर. तेवढ्यावर सगळे अवलंबून असल्याने ठिपका सगळीकडे सारखा हवा.

टाच टोचायला नको म्हणून काही ठिकाणी जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त कार्डावर टाकतात. तसे करू नये. त्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते आणि बऱ्याच प्रयोगशाळांतल्या चाचण्या युरोपियम धातूच्या चमकेवर चालतात. ईडीटीए तो धातू पकडून ठेवते. त्यामुळे चमक घटते. टीएसएचच्या चाचणीत कमी चमक म्हणजे कमी पदार्थ आणि १७-ओएचपीच्या चाचणीत उलट, म्हणून टीएसएच खोटा कमी येतो आणि १७-ओएचपी खोटे जास्त. पहिली चूक अधिक घातक, कारण त्यात आजारी बाळ निरोगी म्हणून घरी जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबईसह पाच शहरांतल्या अभ्यासात जन्मजात हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथी जन्मतःच कमी काम करणे) साधारण ११३० बाळांमागे एकाला आढळला. यावरचा उपाय म्हणजे रोजची थायरॉक्सिनची गोळी, किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, चुरून चमचाभर आईच्या दुधात. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच शिकते, वाढते. हातातली इतकी स्वस्त गोष्ट चुकीच्या नळीपायी निसटू नये.

आणखी एक, रक्त चढवायचे असेल तर नमुना आधी घ्यावा. दात्याच्या तांबड्या पेशींतले एन्झाइम बाळाचा आजार दोन-तीन महिने झाकून ठेवते.

कार्ड वाळवणे हा खरा मुंबईचा प्रश्न. पावसाळ्यात इथली हवा ८० टक्क्यांहून अधिक दमट असते. पुस्तकात लिहिलेले तीन तास कोरड्या गावी पुरतात, इथे जुलैत पुरतीलच असे नाही. कार्डे वातानुकूलित खोलीत, आडवी, खालून-वरून हवा लागेल अशा जाळीवर, एकमेकांना न चिकटवता ठेवावीत. लाल रंग जाऊन ठिपका एकसारखा तपकिरी झाला की ते वाळले. घाईने बेबी वॉर्मरखाली किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवलेले कार्ड हमखास वाया जाते. वाळल्यावर झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी घालावी. पट्टीने ३० टक्क्यांची खूण ओलांडली की पुड्या बदलाव्यात. अर्धवट ओले कार्ड पिशवीत बंद करणे सगळ्यात वाईट, कारण ती ओल आतच राहते.

जी६पीडीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते हे जुन्या अभ्यासांपासून माहीत आहे, आणि इतरही अनेक समाजांत ती आहे. अशा बाळाला जपून ठेवलेली झबली-टोपडी घालताना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास घातक ठरू शकतो. त्यातल्या नॅफ्थलीनने तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत पोहोचण्याइतकी वाढू शकते. अहवालात ‘कमी’ एवढेच न लिहिता डांबरगोळ्या आणि मलेरियाचे औषध प्रायमाक्विन यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

महापालिका आणि राज्याच्या आरोग्य विभागाकडे आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक प्रसूतिगृहात वाळवणीची जाळी, सिलिका जेल आणि पट्ट्या द्याव्यात. कार्डे रोज उचलावीत, शनिवार-रविवारीही. जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेझियात, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या आजारात, २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम नसते आणि क्षार गमावणारे बाळ दुसऱ्या आठवड्याच्या आसपास एकाएकी कोसळते. शुक्रवारचे कार्ड मंगळवारी पोहोचले, तर त्याच्या हातातले चार दिवस गेले. आणि कार्डावर दोन फोन नंबर लिहून घ्यावेत, एक आईचा आणि एक माहेरचा किंवा गावचा. बाळंतीण लालबागहून सातारा-रत्नागिरीला जाते, सीम बदलते, बाळाचे नाव अजून ठेवलेले नसते, आणि पॉझिटिव्ह अहवाल हातात घेऊन फोन लावणाऱ्याला पलीकडे कुणीच सापडत नाही.

आपले,
नवजात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारे काही जीवरसायनतज्ज्ञ,
परळ, मुंबई